निम्म्या दरातला एक तास

भाजीवाल्या मावशींनी न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या तर सकाळ बरी जाते. जिममधल्या ट्रेनरने न मागता निम्मे पैसे कमी केले तर मात्र माणूस विचारात पडतो. फायदा दोन्हीकडे आपलाच. तरी कोथिंबीर आपण हसून घेतो आणि त्या निम्म्या दराला चारही बाजूंनी उलटून पाहतो. मी तरी पाहिलं.

गुडघा हे निमित्त. पन्नाशीनंतर जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, गुडघ्याची झीज वयाला साजेशी आहे, खरी अडचण मांडीत आहे. तिथले स्नायू इतके उतरलेत की सगळा भार सांध्यावर येतोय. चालणं सोडू नका, पण नुसत्या चालण्याने भागायचं नाही. वजन उचला. उभ्या जन्मात डॉक्टरांकडून मी 'वजन उचलू नका' एवढंच ऐकलं होतं, त्यामुळे पुन्हा विचारून खात्री करून घेतली. पण ते बरोबरच सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम तर आहेच, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम वेगळा सांगितलेला आहे. हा दुसरा भाग आपल्याकडे बायकांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली आलेल्या पाहणीत भारतातल्या साधारण 57 टक्के बायकांची आणि 42 टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल पुरेशी नसल्याचं दिसलं. आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या चिडल्या. "दिवसभर पायावर उभ्या असतो आम्ही!" हेही खोटं नाही. फक्त त्या उभं राहण्याने मांडी भरत नाही, दुखते.

तर पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावर, घरापासून चालत जाता येईल अशा एका जिमचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. सभासदत्वात यंत्रं वापरायला मिळतात आणि हॉलमध्ये फिरणारा ट्रेनर येता-जाता "पाठ सरळ ठेवा" एवढं सांगतो. आपल्यापाशी तासभर थांबून शिकवणारा माणूस हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. या शिकवणीला सगळे पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, म्हणतात. महिन्याची बारा सेशन, दर नऊ हजार, महिना संपला की उरलेली सेशन गेली. मी आकडा ऐकून "बघू" म्हटलं आणि ट्रेडमिलवर चालत राहिले. म्हणजे जे रस्त्यावर फुकट करत होते तेच पंख्याखाली पैसे देऊन करू लागले.

मग एक दिवस तिथला एक तरुण ट्रेनर पाण्याच्या मशीनपाशी थांबला. तोवर मला मॅडम म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी साडेचार करतो. सकाळी अकराला या."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, घेऊन टाक, विचार कसला करायचा त्यात. नाशिकच्या बहिणीने फोनवर निकाल दिला: निम्म्यात देतोय म्हणजे मुळात दुप्पट सांगत असणार. शेजारच्या वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, "तुलाच का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचला. कारण मलाही तोच पडला होता.

जिमचं गणित थोडं समजून घेतलं तेव्हा उत्तर जवळ आलं. ट्रेनरला पगार असतो, तो फारसा नसतो. खरी कमाई पीटीवर. पैसे काउंटरवर जमा होतात, जिम आपला वाटा ठेवते आणि उरलेले ट्रेनरला देते. वाटा किती ते प्रत्येक ठिकाणी निराळं. बहुतेक ठिकाणी महिन्याचं टार्गेट असतं, म्हणून पंचवीस तारखेनंतर ट्रेनर लोक फार अगत्याने चौकशी करतात. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा पाय ठेवायला जागा नसते. अकरा वाजता त्याच हॉलमध्ये एसी बंद, दिवे निम्मे, आणि पोरं एका कोपऱ्यात डबा खात नाहीतर मोबाइल बघत बसलेली. जानेवारीत संकल्पवाले येतात, परीक्षांच्या दिवसांत ओसरतात. गणपती ते दिवाळी तर विचारूच नका. मोकळ्या गेलेल्या तासाचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, जिमला नाही आणि ट्रेनरलाही नाही. तेव्हा अकराच्या तासाला साडेचार हजारांत गिऱ्हाईक मिळालं तर त्यात कुणावर उपकार नाही. एवढं कळल्यावर माझ्या मनातला अर्धा संशय गेला. उरलेला अर्धा मात्र त्याच्याबद्दल नव्हता, माझ्याबद्दल होता.

मध्येच एक गंमत सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या शुल्कावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. हीसुद्धा सवलतच, आणि छोटी नव्हे. पण आमच्या जिममध्ये कुणाची झोप त्यामुळे उडाली, कुणाला अर्थमंत्र्यांच्या उपकाराचं ओझं वाटलं, असं काही मला दिसलं नाही. काउंटरवर "बिलात उतरलंय का बघा हो" एवढीच विचारपूस. समोर चेहरा नसला की सवलत हक्काने घेता येते. ओळखीच्या चेहऱ्याने दिली की ती मोजून घ्यावी लागते.

आता माझ्या अर्ध्याबद्दल. मी स्वतःला विचारलं, समजा हा मुलगा बोललाच नसता, तर नऊ हजार भरले असते का? उत्तर पटकन आलं: नाही. मग त्या 'नाही'चं कारण शोधू लागले. पैसे नव्हते असं नाही. मुलीच्या बारावीच्या क्लासला याच घरातून याच्या कितीतरी पट पैसे गेले आणि कुणी हुं की चूं केलं नाही. स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं. नवऱ्याच्या दातांचं काम झालं, तेही बिल न बघता. माझ्या गुडघ्यासाठी महिन्याला नऊ हजार म्हटल्यावर मात्र मला स्वतःलाच ती चैन वाटली. कुणी अडवलं नव्हतं. मीच अडले होते.

हे माझ्या एकटीचं नाही. आमच्या पिढीतल्या बायका साडी दाखवताना आधी किंमत सांगतात आणि लगेच "सेलमध्ये होती" असं जोडतात, कुणी विचारलेलं नसतानाही. स्वतःवर केलेल्या खर्चाला कारण लागतं आणि सवलत हे सगळ्यात सोयीचं कारण असतं. "स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं." त्यात 'मला हवं होतं म्हणून घेतलं' हे म्हणावं लागत नाही. त्या ट्रेनरने मला साडेचार हजार रुपये सोडले नव्हते, त्याने घरात सांगायला एक वाक्य दिलं होतं. त्या वाक्यासाठीच मी इतकी हुरळले होते.

हे ध्यानात आल्यावर मी एक छोटासा उद्योग केला. संध्याकाळच्या चहाला नवऱ्याला म्हटलं, "मी पूर्ण दराने पीटी घ्यायचं ठरवलंय. नऊ हजार." तो बिस्किट बुडवता बुडवता थांबला. "नऊ? महिन्याला?" मी म्हटलं, हो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय तर घ्यायलाच हवं." म्हणाला खरं, पण बिस्किट तोवर कपात पडलं होतं. आणि गंमत अशी की एवढं बोलून दाखवल्यावर मला मोकळं वाटलं. साडेचार की नऊ हा प्रश्न मागे पडला. गुडघ्यासाठी पैसे खर्च करायचे आहेत, हे ठरलं. ते ठरल्यावरच सवलतीकडे बघण्यात अर्थ होता. त्याआधी बघत होते तेव्हा माझ्या जागी सवलतच ठरवत होती.

अर्थशास्त्रज्ञांनी जिमवर बराच अभ्यास केलाय, कारण माणूस स्वतःला कसा फसवतो हे तिथे हजेरीपटावर दिसतं. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांचा 2006 सालचा एक शोधनिबंध आहे, त्याचं नावच 'जिमला न जाण्याचे पैसे' अशा अर्थाचं आहे. अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. महिन्याला 70 डॉलरपेक्षा जास्त भरणारी माणसं इतक्या कमी वेळा येत होती की एकेक खेप त्यांना 17 डॉलरच्या वर पडत होती. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहा डॉलर पडले असते. आणखी एक प्रयोग, बाबा शिव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2005 सालचा. तरतरी आणणारं एक पेय काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत दिलं आणि मग कोडी सोडवायला लावली. पेय एकच. सवलतवाल्यांनी कमी कोडी सोडवली. स्वस्तात मिळालेल्या वस्तूकडून आपण नकळत कमी अपेक्षा करतो आणि ती तेवढंच देते. माझी भीती याच जातीची होती. नऊ हजार भरले असते तर पावसातही छत्री घेऊन गेले असते. साडेचारात "आज राहू दे" किती सहज म्हणेन, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पण त्याहून मोठी भीती तोंड बंद होण्याची. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी मुलाला पेटी शिकायला घातलं होतं. शिकवणारे ओळखीचे, म्हणून फी नाममात्र. मग कधी सर उशिरा यायचे, कधी शिकवता शिकवता फोनवर बोलत बसायचे, कधी आयत्या वेळी "आज नको" असा निरोप. बाई दारात उभ्या राहून हसायच्या. तक्रार कशी करणार? पैसे कुठे घेतात ते! मुलगा काही शिकला नाही, आणि बंद करायचं म्हटलं तर तेही जड, कारण एवढ्या कमी पैशात शिकवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं. पूर्ण पैसे देणाऱ्याला तासाबरोबर आणखी दोन गोष्टी मिळतात: हे मला पटलं नाही असं म्हणता येतं आणि उद्यापासून येत नाही असं म्हणता येतं. सवलतीत नेमक्या या दोन गोष्टी वजा होतात आणि पावतीवर त्या कुठे लिहिलेल्या नसतात. व्यायामात तर हे गमतीचं नाही. शिकवणारा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि गुडघा चुकीचा वाकला, तर भोगायचं मलाच.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे तर व्यायाम शिकवण्याचे पैसेच नव्हते. तालमीत वस्ताद कुठे तासाचे पैसे मोजायचा? खरं आहे. पहाटे लाल मातीत उतरायचं, वस्तादाच्या पाया पडायचं, आणि अंगात असेल तेवढं तो काढून घ्यायचा. पण तालीम फुकट चालत नव्हती. पैसे दुसरीकडून येत होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. त्यामागे संस्थानाचा खजिना होता. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, दादरला 1925 मध्ये समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. अशा संस्था देणगीदारांवर आणि हयात घालवणाऱ्या कार्यकर्त्यांवर उभ्या राहतात. कुणीतरी भरत होतं, म्हणून पोराला भरावं लागत नव्हतं. आज सिंहगड रस्त्यावरच्या जिममागे ना संस्थान आहे ना देणगीदार, आहे ते दुकानाचं भाडं आणि यंत्रांचे हप्ते. तिथल्या पोराकडून वस्तादाच्या वृत्तीची अपेक्षा करायची आणि त्याची राहायची खोली मात्र तिघांत वाटून घेतलेली, हा कुठला न्याय?

योगायोग असा की हा मुलगा कराड तालुक्यातला. चुलता कुस्ती खेळलेला. त्या भागातल्या माणसासमोर खाशाबा जाधवांचं नाव काढावं लागत नाही, ते आपोआप निघतं. त्यांचं गाव गोळेश्वर तिथून जवळच. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते पैसे फेडले, असं सांगतात. मला त्यातला हा दुसरा भाग जास्त आवडतो. घेताना संकोच केला असता तर हेलसिंकी हुकलं असतं. आणि घेतलेलं घेतलेलं म्हणून लक्षात ठेवलं. माझा गुडघा काही हेलसिंकीला जायचा नाही, पण मदत घेणं म्हणजे मिंधं होणं असं जे आपण धरून चालतो ते काही खरं नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं होतं.

मग मी त्यालाच विचारायचं ठरवलं. अकरा वाजता गेले. हॉलमध्ये तो एकटाच, डंबेल जागेवर लावत होता.

"मला निम्म्यात का देतोस?"

तो गडबडला. "तसं काय नाय काकू. तुमच्यासाठी म्हणून."

"माझी परिस्थिती बिकट दिसते का रे?"

"नाय नाय!" म्हणत तो हसला आणि मग खरं बोलला. "अकराचा टाइम मोकळाच असतोय. मालकांनीच सांगितलंय, ह्या टायमाला निम्म्यात दिलं तरी चालंल. पैसे काउंटरला भरायचे, पावती मिळंल." थोडं थांबून म्हणाला, "आणि दुसरं म्हंजे, माझ्याकडं सगळी पोरंच हैत. छाती नि दंड करणारी. वय झालेल्या माणसांचं मी कोर्समध्ये शिकलोय, पण कोण येतच नाय. तुमचा गुडघा सुधारला तर तुमच्याकडं बघून चार जण येतील."

"आणि?"

"आणि फोटो. पहिल्या दिवशीचा नि तीन महिन्यांनंतरचा. इन्स्टाला टाकायला."

आलं बाहेर! मनात म्हटलं, हे होतं होय. पण राग आला नाही. उलट हायसं वाटलं. त्याला एक जुना गुडघा हवा होता आणि मला एक शिकवणारा. मी त्याची पहिली म्हातारी गिऱ्हाईक होणार होते आणि पहिल्या गिऱ्हाइकाला सगळे दुकानदार कमी लावतात. यात दया कुठेच नव्हती. 'तुमच्यासाठी' या वाक्यात जी चिकट माया होती ती निघून गेली आणि खाली चक्क एक व्यवहार निघाला, दोन्ही बाजूंनी नीट दिसणारा. मला वाटतं, सवलत घ्यावी की नाही हे बरंचसं यावर असतं की देणारा तिचं कारण तुमच्या तोंडावर सांगू शकतो का. सांगता आलं नाही तर कारण वाईटच असेल असं नाही, पण मग पुढे ते आपल्याला अंदाजाने फेडत बसावं लागतं, आणि अंदाजाने फेडणारा नेहमी जास्त फेडतो.

फोटोला मी नाही म्हटलं. व्यायामाच्या कपड्यांतला माझा आधीचा आणि नंतरचा देह कुणाच्याही मोबाइलवर फिरावा, ही किंमत मला साडेचार हजारांच्या मानाने फार वाटली. दुसऱ्या एखादीला वाटणार नाही. तिने खुशाल द्यावा. पण ते पहिल्या दिवसाआधी बोलायला हवं, तिसऱ्या महिन्यात त्याने कॅमेरा काढल्यावर नव्हे. मी म्हटलं, "फोटो नाही. फरक पडला तर सोसायटीतल्या बायकांना मी स्वतः सांगेन. नाही पडला तर तेही सांगेन." दुसरं वाक्य ऐकून त्याचा चेहरा जरा उतरला, पण मान डोलावली. मग बाकीचं ठरलं: निम्मा दर दोनच महिने, पुढे पूर्ण दर किंवा रामराम. कुणाला यायचं नसेल तर आदल्या रात्री कळवायचं. त्याने रद्द केलं तर सेशन पुढे धरायचं, मी रद्द केलं तर गेलं. आणि तासभर मोबाइल कपाटात, त्याचाही आणि माझाही. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड गेलं असावं.

दोन महिन्यांची मुदत मी मुद्दाम घातली. सवलतीला शेवट नसला की ती हळूहळू मूळ दर होऊन बसते आणि मग पूर्ण पैसे मागणारा माणूस आपल्याला लोभी वाटू लागतो. त्या मुलाला माझ्या नजरेत लोभी व्हायला लागू नये, असं वाटलं. शिवाय दोन महिन्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न स्वतःला विचारावा लागेल: नऊ हजारांना घेशील का? तेव्हा घरात सांगायला 'स्वस्तात मिळालं' हे वाक्य हाताशी नसेल. बघू काय उत्तर येतं ते.

पहिल्या दिवशी त्याने एकही डंबेल हातात दिलं नाही. एक साधी खुर्ची ओढली, हात छातीवर दुमडून बसायला सांगितलं आणि म्हणाला, "आता हात न टेकता उठा. बसा. परत उठा." मोजत होता. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाच्या पायांत किती जोर आहे ते पाहायची ही नेहमीची चाचणी, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजतात. चौथ्या वेळी मी सवयीने हात मांडीवर टेकला. "टेकला, काकू. हा धरत नाय." मी म्हटलं, एवढं काय, जरासा तर टेकला. "जरासा नाय. पुन्हा पहिल्यापासून." साडेचार हजारांत हा मुलगा माझी गय करणार नाही, हे त्या खुर्चीवर कळलं. मीही मग गय केली नाही, भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हटलं, "तू पाच मिनिटं उशिरा सुरू केलंस, बाराला संपवायचं नाही." तो बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबला.

नवऱ्याला साडेचार हजारांची पावती दाखवली तेव्हा तो आधी चक्रावला, मग खूश झाला, मग थोडा दुखावला. नऊ हजारांना मनाची तयारी केली होती बिचाऱ्याने. आता त्याच्या डोक्यात नवंच आलंय. "मीही अकराला मोकळाच असतो. तुझी ओळख आहे, विचार ना त्याला, दोघांचे मिळून सात करतोस का म्हणून." मी सांगितलं, माझ्या नावावर काही मागायचं नाही. काउंटरवर जा, दर विचार, त्या पोराशी स्वतः बोल. गुडघा त्याचाही वाजतो. सोफ्यावरून उठताना मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. पण अजून गेलेला नाही. पूर्ण दर सांगतील ही त्याची धास्ती नाही. तिथे गेलं की आधी खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवावं लागतं, हे मी जेवताना बोलून गेले, तेव्हापासून त्याला अकराची वेळ जमेनाशी झाली आहे.